सोलापूरच्या उन्हाला झेपेल असा गॉथिक वेश: कापड, शिवण आणि दागिने यांविषयी सल्ला हवा

सावळी_सांज (प्रश्न)

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहते आणि वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गॉथिक पद्धतीच्या वेशभूषेची मला फार ओढ आहे. कमरेला घट्ट बसून खाली घेरदार सुटणारे झगे, लेस, मखमल, गळ्यालगतचे अलंकार, काळसर चांदीच्या अंगठ्या, आणि हे सारे बहुतांशी काळ्या रंगात, असे तिचे स्वरूप येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. एक झगा ऑनलाइन मागवला आणि उत्साह मावळला. छायाचित्रात मखमल दिसत होती, प्रत्यक्षात हाती आले ते चकचकीत पॉलिस्टर, त्याला अस्तरही पॉलिस्टरचेच, आणि सोबत कवट्या व वटवाघळे लटकवलेली साखळी. ते अंगावर घालून एप्रिलच्या दुपारी सात रस्त्यापर्यंत जाणेही अशक्य आहे. शिवाय आरशात पाहिले, तर शाळेच्या स्नेहसंमेलनातली चेटकीण समोर उभी!

आपल्या गावात कापडाला तोटा नाही आणि शिवणाऱ्या हातांनाही नाही, म्हणून येथेच काही शिवून घ्यावे असे मनात आहे. रोज महाविद्यालयात वापरता येईल असे काळे कापड कोणते घ्यावे? डिसेंबरात एका मैत्रिणीच्या लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी एक नीट झगा शिवायचा झाल्यास शिंप्याला नेमके काय सांगावे? ऑक्सिडाइज्ड दागिन्यांनी माझ्या मानेवर पुरळ उठते, त्याला काही पर्याय आहे का? आणि लग्नघरी काळे घालून जाऊ नये असे आजीचे म्हणणे आहे. तिचे मन मोडण्याची माझी इच्छा नाही, तेव्हा त्यावरही कोणाला काही सुचल्यास अवश्य लिहावे.

जुनी_पेटी

कवट्या आणि वटवाघळे काढून टाकल्यावर जे उरते तेच खरे गॉथिक, असे माझे मत आहे, आणि वेशभूषा शिकवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ते जरा विस्ताराने मांडते.

ही शैली इंग्लंडात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पंक या बंडखोर रॉक संगीतानंतरच्या संगीताबरोबर आकाराला आली. गायिका सूझी सू हिचे पिंजारलेले काळे केस, डोळ्यांभोवतीच्या जाड रेघा आणि जाळीदार मोजे पाहून असंख्य मुलींनी तोच वेश उचलला. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला आणि या मंडळींना एकत्र येण्यास हक्काची जागा मिळाली. पुढे यातील अनेकींनी पंकचा फाटकेपणा मागे टाकून थेट व्हिक्टोरियन काळाच्या कपाटात हात घातला. तुम्हांला आवडलेली कंबर, घेर आणि लेस तेथून आलेली आहे.

त्या कपाटातली एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारले आणि त्यानंतर १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत राणीने काळे वस्त्र सोडले नाही. तिच्यामुळे शोकवेशाचे नियम समाजात अधिकच घट्ट झाले. सुरुवातीच्या कडक शोकात क्रेप नावाचे रेशमी, पण मुद्दाम चमक मारलेले, बारीक सुरकुत्यांचे कापड वापरत असत. त्यावर दागिना चाले तो जेटचा. जेट म्हणजे यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावाजवळ सापडणारे, कोट्यवधी वर्षे गाडले जाऊन काळे पडलेले लाकूड. वजनाला हलके, हाताला दगडासारखे गार न लागणारे, आणि घासल्यावर आरशासारखे चकाकणारे. (त्याच व्हिटबीत १९९४ पासून गॉथिक मंडळींचा मेळा भरतो.) मंद काळ्या कापडावर लखलखीत काळा दागिना आणि वरून पारदर्शक काळी जाळी, असे एकाच रंगाचे तीन पोत एकमेकांना उठाव देत असत. तुमच्या ऑनलाइन झग्यात घोटाळा झाला तो येथेच. डोक्यापासून पायापर्यंत एकच चकाकी असेल तर नजर कोठे ठरत नाही आणि वेश नाटकी वाटतो.

आजींच्या आक्षेपावरही याच इतिहासात उतारा आहे. कडक शोक संपला की स्त्रिया राखाडी, फिकट जांभळा अशा रंगांकडे वळत, आणि आजच्या गॉथिकनेही गडद जांभळा, मद्यासारखा लाल, बाटलीचा हिरवा हे रंग आपलेसे केले आहेत. लग्नाला वांगी रंगाचा झगा घाला आणि काळे फक्त लेसपुरते ठेवा. वांगी रंगाला आपल्याकडच्या कोणत्याही आजीने नाक मुरडलेले मी पाहिलेले नाही.

चाटी_गल्लीकर

माझे अर्धे आयुष्य कापड विकण्यात आणि उरलेले गणवेश शिवून घेण्यात गेले आहे, त्यामुळे पोतांबद्दल वर जे लिहिले आहे त्याला मी कापडाच्या बाजूने जोड देतो.

प्रथम उन्हाविषयी. काळे कापड उष्णता अधिक शोषते हे खरे, पण ती अंगापर्यंत पोहोचते की नाही हे कापडाच्या ढिलेपणावर पुष्कळसे अवलंबून असते. वाळवंटातील बेदुइन लोकांच्या सैल झग्यांवर झालेला एक अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत असला तरी आत खेळणारी हवा ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच वाहून नेते, असे त्यात आढळले. त्यामुळे रोजच्या वापरासाठी कमरेला नुसता नाडीचा किंवा रुंद पट्ट्याचा आकार द्यावा आणि बाकी सारे सैल ठेवावे. मलमल किंवा कॅम्ब्रिक (घट्ट विणीचे तलम सुती कापड) घ्यावे. मलमल अंगातून दिसते, म्हणून तिला मलमलीचेच अस्तर लावावे. खाली कळ्यांचा घागरा शिवल्यास चुण्यांचे ओझे कमरेवर न येता घेर मिळतो. बाह्या मनगटापर्यंत लांब हव्या असतील तर त्या जाळीच्या कराव्यात.

दुसरे, काळा म्हणून एकच काळा नसतो. एका काळ्यात लाल झाक असते, दुसऱ्यात निळी, तिसऱ्यात हिरवट, आणि दुकानातील ट्यूबलाइटखाली ही तिन्ही सारखीच दिसतात. घागऱ्याचे कापड, अस्तर आणि लेस हे तिन्ही नमुने हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात यावे आणि एकमेकांवर ठेवून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल. सुती कापडाला स्वस्तातला काळा रंग बहुधा गंधकाच्या रंगद्रव्याचा असतो. तो दाट बसतो, पण ब्लीच लागले की उतरतो, आणि उष्ण, दमट जागी असे कापड वर्षानुवर्षे घडी करून ठेवल्यास त्याचा जोर जातो व घडीवर फाटते. रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिकरीत्या जोडल्या जाणाऱ्या) रंगाचे कापड मिळाल्यास थोडे अधिक पैसे द्यावेत. पहिल्या धुण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो हा समज मात्र सोडून द्यावा. उलटे करून गार पाण्यात वेगळे धुणे आणि सावलीत वाळवणे एवढेच हाती असते.

आता डिसेंबरचा झगा. सोलापुरात तेव्हा संध्याकाळी मखमल सहज चालते. मखमलीला लव असते आणि ती एकाच दिशेला झुकते. हात वरून खाली फिरवल्यावर कापड गुळगुळीत लागले तर लव खाली, खरखरीत लागले तर वर. लव वर ठेवून बेतल्यास रंग अधिक गडद आणि खोल दिसतो. कापड वाचवण्यासाठी शिंप्याने एक कळी उलटी बेतली तर अंगावर ती कळी निराळ्याच छटेची दिसते, आणि शिवून झाल्यावर त्यावर इलाज नाही. म्हणून कापड देतानाच मागच्या बाजूने खडूने बाण काढून द्यावेत. इस्त्री उलट बाजूने, वाफेवर, दाब न देता.

वरच्या अंगासाठी विलायती कॉर्सेटच्या, म्हणजे पट्ट्या घालून कंबर आवळणाऱ्या चोळीच्या, मागे लागू नये. नवरीच्या ब्लाउजला हल्ली प्रिन्सेस कटच्या (वरून कमरेपर्यंत जाणाऱ्या उभ्या) शिवणीत प्लास्टिकच्या पट्ट्या घालतात, तेच काम येथे पुरते. मागे हुकांऐवजी आयलेट (छिद्राला बसवायच्या धातूच्या कड्या) लावून नाडी ओवण्यास सांगावे. जेवणानंतर सैल करता येते, ही सोय लग्नात मोठी आहे.

भोगी_ते_रथसप्तमी

मला हा सगळा खटाटोपच अनाकलनीय वाटतो. संक्रांतीला आपल्याकडे काळी चंद्रकळा नेसतात, नव्या सुनेला काळ्या साडीवर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. काळ्याचे याहून देखणे रूप कोणते? परक्या राणीचा शोक अंगावर मिरवण्यापेक्षा चंद्रकळा नेसा. काठामुळे आजीही खूश होतील.

जुनी_पेटी

चंद्रकळेच्या देखणेपणाबद्दल दुमत नाही, परंतु तिला गॉथिकच्या पंगतीत बसवणे मला दोघांवरही अन्याय वाटतो. संक्रांतीचे काळे हे थंडीत ऊब देणारे, कौतुकाचे आणि सणाचे काळे आहे. गॉथिकला हवी असते ती उदासीची, गूढतेची छटा. संक्रांतीला आपल्या गावात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्या, पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) घातलेल्या भक्तांच्या रांगा आणि त्या पाहायला आलेल्या काळ्या साड्या एकत्र दिसतात तेव्हा त्यात उदासीचा मागमूसही नसतो. शोकाचा वेश हौसेने का घालावा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर इतकेच की काहींना संध्याकाळचा राग आवडतो तसा काहींना हा वेश आवडतो, आणि घालणारी व्यक्ती दुःखी असतेच असे नाही. मात्र प्रश्नकर्तीने काठ जरूर उसना घ्यावा. काळ्या खणाचा वरचा भाग आणि सुती काळा घागरा ही जोडी मी एका विद्यार्थिनीकडून करून घेतली होती. खणाच्या बारीक वेलबुट्टीने लेसची उणीव जाणवू दिली नाही.

उमरग्याची_लेक

दागिन्यांनी उठणाऱ्या पुरळाबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मानेवर पुरळ येते ते काळ्या थरामुळे क्वचितच. बहुधा त्याखालचे निकेल कारणीभूत असते. बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारे बरेचसे दागिने जर्मन सिल्व्हरचे असतात, आणि त्यात तांबे, जस्त व निकेल असते, चांदी मुळीच नसते. घामात निकेल विरघळते आणि त्वचेत उतरते. युरोपात यावर कायद्याने बंधन आहे. अंगाशी लागून राहणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. आपल्या फुटपाथवरच्या माळेला असले माप कोण लावणार?

सराफाकडून ९२.५ टक्के चांदीची साधी ठुशी किंवा चिंचपेटी घ्या आणि तीच काळी करून मागा. गंधकयुक्त द्रावणात बुडवली की चांदीवर काळा थर धरतो, मग उंचवटे पुसून उजळ ठेवतात आणि खाचांत काळे राहू देतात. ठुशी गळ्यालगत बसते, त्यामुळे विलायती चोकरची गरजच उरत नाही. एक काळजी घ्यावी: घरातील कोणी मायेने ती चिंचेने किंवा दंतमंजनाने लख्ख घासून ठेवणार नाही, हे पाहावे, कारण एकदा थर गेला की दागिना पुन्हा साधा होतो.

याहून सुंदर वस्तू आमच्या शेजारच्या बिदरला आहे. बिदरी कामाचा धातू म्हणजे पुष्कळसे जस्त आणि थोडेसे तांबे. त्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून त्याचा लेप देतात. माती धातूला गर्द काळा करते, चांदीला स्पर्शही करत नाही. त्यामुळे काळ्याभोर जमिनीवर चंदेरी वेल उमटते. सुरई आणि हुक्क्याची पात्रे हे त्यांचे जुने काम, परंतु आता पदके आणि कर्णफुलेही मिळतात. पदक लहानच घ्या, धातू जड असतो. ते साखळीत न ओवता अर्धा इंच रुंदीच्या काळ्या मखमली फितीवर टाचून घेतले, तर मानेला कापड लागते, धातू लागत नाही. काळा रंग फिका वाटू लागला की खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, आणि कोरड्या फडक्याने पुसून मगच गळ्यात घालावे, नाहीतर मखमलीवर डाग पडतो.

सावळी_सांज

सर्वांचे मनापासून आभार. वांगी रंगाची कल्पना आजीसमोर मांडली. तिने स्वतःच्या एका जुन्या साडीचे नाव काढले आणि तो रंग मान्य केला. खण आणि सुती घागरा ही जोडी रोजच्या वापरासाठी नक्की करीत आहे. एक शंका उरली आहे. माझ्या नेहमीच्या शिंपीकाकांनी असा झगा कधी शिवलेला नाही आणि मखमल महाग आहे. पहिल्याच फटक्यात बिघडू नये यासाठी काय करावे?

चाटी_गल्लीकर

आधी मांजरपाटावर बेतून घ्या. स्वस्तातला मांजरपाट आणावा, रात्रभर भिजवून वाळवावा, म्हणजे आकसायचा तेवढा आकसतो, आणि वरचे अंग व दोन कळ्या त्यातून बेतून, कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर घालून पाहाव्यात. खुर्चीत बसून पाहा, हात वर करून पाहा. पट्टी बरगडीखाली टोचत असेल तर ती अर्ध्या बोटाने आखूड करण्यास सांगा. सारे मनासारखे बसले की तोच मांजरपाट उसवून मखमलीवर ठेवावा व त्यावरून बेतावे. अस्तराचे सुती कापडही भिजवल्याशिवाय कापू देऊ नका, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडेल आणि वरची मखमल फुगून दिसेल. काकांना शिलाई नेहमीपेक्षा जास्त देण्याची तयारी ठेवा, कारण मखमल यंत्राखाली सरकते आणि प्रत्येक शिवण आधी हाताने टाचावी लागते. कापड दिवाळीच्या बरेच आधी द्या. दिवाळी आणि पाठोपाठची लग्नसराई सुरू झाली की गावातला कोणताही शिंपी नवे काम हाती घेत नाही, आणि घेतले तर घाईत करतो.