रिटर्न पंप 3000 लिटरचा अन् ओव्हरफ्लोला एकच पाइप, जमेल का?

दर्यापूरकर:
माशांची टाकी 4 × 1.5 × 1.5 फूट, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी), तिथून रिटर्न पंप पाणी परत वर चढवतो. ओव्हरफ्लो बॉक्समधून (टाकीतलं सांडणारं पाणी झेलणारा खण) खाली संपमध्ये 32 मिमीचा एकच पाइप, हाच ड्रेन. वर डुर्सो, म्हणजे टोपीत हवेचं छिद्र असलेला उभा तुकडा. पंपाच्या खोक्यावर 3000 लिटर/तास आणि कमाल हेड (उचल) 3 मीटर. संपमधल्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत उंची साडेचार फूट. पंप लावला की दर दोन-तीन मिनिटांनी पाइप घळघळतो, बॉक्समधली पातळी वरखाली होते. ड्रेनला बॉल व्हॉल्व्ह लावून आवाज बंद करू का? आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तेही ध्यानात घ्या.

संपवाला_वणी:
भाऊ, ड्रेनला व्हॉल्व्ह अजिबात नको. पाइप एकच आहे. अर्धवट बंद व्हॉल्व्हात शेवाळाची गुठळी नाही तं एखादी गोगलगाय अडकली की पाणी सरळ फरशीवर. ड्रेनला व्हॉल्व्ह फक्त तिथं, जिथं बाजूला दुसरा मोकळा इमर्जन्सी पाइप आहे. तुम्ही व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, रिटर्नच्या पाइपात लावा. असल्या पंपाचं तोंड पुढून आवळलं तर बिघडत नाही, मागून म्हणजे पाणी ओढायच्या बाजूनं आवळू नका.

खोक्यावरचे 3000 हे शून्य उंचीचे असतात. साडेचार फूट म्हणजे सुमारे 1.4 मीटर, त्यात एल्बो (पाइपाची वळणं) धरले तर निम्म्याच्या आसपासच मिळणार. पण अंदाजावर जाऊ नका, मोजा. रिटर्नचं तोंड टाकीच्याच उंचीवर धरून 20 लिटरच्या बादलीत सोडा, घड्याळ लावा. 72000 ला सेकंदांनी भागलं की लिटर/तास.

आता घळघळ. डुर्सोत पाणी पाइपाच्या भिंतीला धरून उतरतं, मधून हवा खेळते. पाणी जास्त झालं की पाइप पूर्ण भरतो, सायफन लागतो (पाणी जोरात ओढलं जातं), बॉक्स रिकामा होतो, हवा ओढली जाते, सायफन तुटतो, पुन्हा तेच. म्हणून पाइप कमाल किती वाहून नेतो अन् शांतपणे किती नेतो, हे दोन वेगळे आकडे. एक इंची, म्हणजे 32 मिमीचा, डुर्सो तासाला 1000 ते 1200 लिटरच्या पुढे गेला की बोंबलायला लागतो. तुमची टाकी 240 लिटरची, म्हणजे तासाला चार-पाच फेरे होतात. गोड्या पाण्याला भरपूर झाले.

अन् पाइप खरंच 32 चा आहे का पाहा. शेतीच्या पाइपावरचे मिमी बाहेरून असतात. 32 ला आत 28 च्या आसपास मिळतात, 25 ला 22 च. तेवढ्यात क्षेत्रफळ 60 टक्क्यांवर येतं.

गढूळपाणी:
18 वॉटचा कूलर पंप टाका नं. स्वस्त, गावात मिळतो.

संपवाला_वणी:
त्याची कमाल उचल पावणेदोन-दोन मीटरची. 1.4 वर धार उरते, प्रवाह नाही. तात्पुरता चालेल, अन् मे महिन्यात तो कूलरलाच लागतो.

काचकाम_पुसद:
लाइटचं कोणी बोललंच नाही. टाकीचं तळ 120 × 45 सेमी, म्हणजे 1 सेमी पाणी 5.4 लिटर. रिटर्नचं तोंड 3 सेमी बुडालेलं असेल अन् ओव्हरफ्लोच्या काठावरून 1 सेमी पाणी वाहत असेल, तर पंप थांबताच 21-22 लिटर खाली येणार. बॉक्स, पाइप धरून 27. संप 60 × 30 चा असेल तर 15 सेमी चढेल. संपच्या काठाखाली 17 सेमीवर रेघ मारा, पंप चालू असताना त्याच्या वर पाणी भरायचं नाही. रिटर्नला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली 4 मिमीचं छिद्र पाडा, हवा घुसली की उलटा सायफन तुटतो. दर महिन्याला त्यात काडी घाला. आपल्या खारपाणपट्ट्यात क्षार बसून ते बुजतं, पंपाचा रोटरही (आतला फिरता भाग) अडकतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवला की सुटतो.

आणखी एक, लाइट आल्यावर व्होल्टेज कमी असलं तर रोटर नुसता थरथरतो, फिरत नाही. दहा मिनिटांनी हात लावून पाहा, गरम वाटला की बंद करा.

दर्यापूरकर:
मोजलं. बादली 52 सेकंदांत भरली, म्हणजे 1385. पाइपाचं पोट 28 च निघालं.

संपवाला_वणी:
मग व्हॉल्व्ह थोडा आवळून 65 सेकंदांवर आणा, 1100 होतील. तरी घळघळलं तर डुर्सोच्या टोपीतलं हवेचं छिद्र थोडं थोडं मोठं करून पाहा. ड्रेनचं खालचं टोक संपच्या पाण्यात 2-3 सेमीच बुडू द्या, जास्त बुडालं तर हवा बाहेर पडायला अडते.