हिरवी पाटी नाही, लायसन्स नाही: विजेच्या स्कूटरला सूट नेमकी कशाची?

मानपाड्याचा रहिवासी

काल येथे एका सभासदाने लिहिले की, विजेच्या स्कूटरला लायसन्स, पासिंग, हेल्मेट यांपैकी काहीच लागत नाही आणि ठाण्याचे वाहतूक पोलीस चालकांचा निव्वळ छळ करतात. त्यावर अनेकांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी विजेवर चालते एवढ्यावरून सूट मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येनुसार मोटारची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकेल ती शक्ती) २५० वॉटपेक्षा कमी असावी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा आणि या दोन्ही गोष्टी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेल्या असाव्यात. तेव्हाच ती गाडी 'मोटार वाहन' ठरत नाही. यातली एक अट जरी मोडली, तरी पासिंग, विजेच्या गाडीची हिरवी नंबरपाटी, विमा, लायसन्स आणि हेल्मेट हे सर्व पेट्रोलच्या गाडीसारखेच लागू होते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला वसंत विहारजवळ अशाच एका बिनपाटीच्या स्कूटरने उडवले आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मुलगा पळाला नाही, रडत उभा राहिला, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मात्र गाडीला विमा नव्हता. वकिलांनी स्पष्ट सांगितले की, भरपाई मागायची तर ती त्या मुलाकडून आणि गाडीच्या मालकाकडूनच मागावी लागेल. गाडी मोटार वाहनच नाही असे ठरले, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दारही बंद होईल. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च आम्ही केला. त्यामुळे 'छळ' हा शब्द वाचून मला संताप आला.

कोपरखैरण्याची डबेवाली

तुमच्या आईंविषयी मनापासून वाईट वाटते, दादा. परंतु तुम्ही नियम सांगितलात आणि तो मोडणारा कोण, हे सांगितलेच नाही. मी रोज बावीस डबे पोहोचवते. दुकानदाराने मला कागद दाखवला, त्यावर २५० वॉट असेच लिहिले होते, आणि गाडी हातात देताना तो म्हणाला, "ताई, लॉक काढून दिले आहे, आता पळेल." लॉक म्हणजे वेग पंचविसाच्या आत ठेवणारी सोय, हे मला तेव्हा कळले नाही. चार महिन्यांनी वाशीत गाडी अडवली, ती दोन दिवस अडकून पडली आणि माझी तीन गिऱ्हाईके तुटली. दुकानदार मात्र आजही त्याच गाड्या त्याच वाक्यासह विकतो आहे. छळ हा शब्द मला तरी जड वाटत नाही.

नौपाड्यातील निवृत्त शिक्षक

ताई, तुमची अडचण खरी असली, तरी कायदा मालकालाही मोकळे सोडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वेग २५ वरून ४५ वर गेला की धडकेतली ऊर्जा तिपटीहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे मी तीस वर्षे वर्गात शिकवले आणि आता गोखले रस्ता ओलांडताना अनुभवतो.

पालकांनीही जागे व्हावे. अकरावीच्या मुलांना क्लासला जायला अशा गाड्या सर्रास दिल्या जातात. गाडी मोटार वाहन ठरली, तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

कासारवडवलीची आई

सर, आम्ही जागेच आहोत. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचे लायसन्स मिळते, पण तशी गाडी बाजारात शोधून दाखवा. बस भरून येते, रिक्षा जवळचे भाडे नाकारते, आणि मुलीला संध्याकाळी साडेसातला क्लासवरून एकटीने यायचे असते. आमची गाडी प्रमाणित आहे, लॉक शाबूत आहे.

खरी भीती दुसरीच आहे. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडी ते गायमुख सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम काढले गेले. पंचविसाच्या वेगाच्या गाडीने आता कंटेनरच्या पुढे चालायचे का? सेवा रस्ता हीच या गाड्यांची जागा होती.

मानपाड्याचा रहिवासी

सेवा रस्त्याचा प्रश्न वेगळा आहे.

कासारवडवलीची आई

अजिबात वेगळा नाही! कायद्याने संथ गाडीला मान्यता दिली आणि रस्त्याने तिची जागा काढून घेतली. मग चालक पदपथावर चढतात, उलट्या दिशेने येतात, आणि धक्का तुमच्या आईसारख्या माणसांना लागतो.

कोलशेतचा सायकलस्वार

कासारवडवलीच्या ताईंशी सहमत. मेट्रोच्या खांबांमुळे उरलेल्या पट्ट्यात मी सायकल चालवतो, आणि मागून कर्णा वाजला की अंगावर काटा येतो. सेवा रस्ता होता तेव्हा शाळेच्या बसही तिथेच थांबत. आता सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले की थेट महामार्ग.

नौपाड्यातील निवृत्त शिक्षक

रस्ता वाईट आहे, म्हणून विम्याशिवाय गाडी पळवावी, हा कोणता न्याय? आपण सर्व जण मूळ प्रश्नापासून पळत आहात.

कोपरखैरण्याची डबेवाली

सर, पळायला आम्हाला वेळ नाही. हवालदाराकडे वेग मोजायला काय असते? पाटी नसलेली प्रमाणित गाडी आणि पाटी नसलेली लॉक काढलेली गाडी बाहेरून सारखीच दिसते. म्हणून तो दोघांनाही अडवतो आणि खरे कागद असलेल्याचाही दिवस जातो.

मानपाड्याचा रहिवासी

हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, मनात नसले तरी. प्रमाणित संथ गाडीलाही ओळखीची एखादी पाटी आणि स्वस्त, सक्तीचा विमा असता, तर पोलिसांना फरक कळला असता आणि आईच्या उपचारांचा खर्च आमच्या एकट्यावर पडला नसता. लॉक काढून देणाऱ्या दुकानदारावर आधी कारवाई व्हावी, हेही मान्य. मात्र लॉक काढलेले आहे हे कळल्यानंतरही गाडी तशीच वापरणे मला मान्य नाही, आणि ताई, हे तुम्हालाही लागू आहे.

कोपरखैरण्याची डबेवाली

गाडी सुटली त्याच आठवड्यात मी लॉक पुन्हा बसवून घेतले, त्याचे नऊशे रुपये मोजले. आता डबे अर्धा तास आधी भरते.

कालचा मजकूर लिहिणारा

'काहीच लागत नाही' हे वाक्य मी मागे घेतो. चाचणी प्रमाणपत्राची अट मला ठाऊक नव्हती. 'छळ' हा शब्द मात्र मागे घेत नाही. माझी गाडी प्रमाणित आहे, प्रमाणपत्राची प्रत डिकीत असते, आणि तरीही तीन हात नाक्यावर मला दोनदा पाऊण पाऊण तास उभे केले गेले.