चिपळुणात कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम बारा महिने चालेल का?

लोटेचा फिटर
लोटे एमआयडीसीत ११ वर्षं फिटर आहे. हवा, नायट्रोजन, अमोनिया, तिन्हींच्या रेसिप्रोकेटिंग, म्हणजे पिस्टनवाल्या कॉम्प्रेसर मशीन उघडल्यात. आता चिपळुणात स्वतःचं काम काढायचं मनात आहे. नवीन मशीन विकायच्या नाहीत. व्हॉल्व्ह, रिंगा, पॅकिंग, ओव्हरहॉलिंग एवढंच. पोटापुरतं काम मिळेल का? सीएनजी पंपांचं काम बाहेरच्याला देतात का?

हर्णैचा बर्फवाला
जरूर काढा. माझ्या बर्फ कारखान्यात अमोनियाच्या दोन मशीन आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच आम्ही त्या उघडतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापर्यंत सगळ्यांचं तेच, म्हणजे त्या दोन महिन्यांत तुम्हाला जेवायला उसंत मिळणार नाही. एरवी बोलावणं येईल ते रात्री-अपरात्री.

गेल्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात, एका मशीनचा डिस्चार्ज, म्हणजे दाबलेला वायू बाहेर पडतो ती बाजू, तापला. उघडून बघतो तर व्हॉल्व्ह प्लेटचा नखाएवढा तुकडा उडालेला. तळहातावर मावणारी प्लेट, पण पुण्याहून यायला तीन दिवस गेले. बोटी बर्फासाठी खोळंबल्या. दोन नाखवे दुसरीकडे गेले ते अजून परतले नाहीत. त्या रात्री कुणी दुप्पट पैसे मागितले असते तरी मी दिले असते. म्हणून सांगतो, दुकानाच्या पाटीआधी स्पेअरचं कपाट भरा.

आणि हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशीच बजावा, अमोनियाच्या लाइनला पितळ लावायचं नाही. आमच्याकडे एकानं लावलं होतं. नटाला चीर गेली आणि मध्यरात्री कामगार डोळे चोळत बाहेर पळाले.

घाटमाथा
सीएनजीत थेट शिरणं कठीण. गाडीत २०० बार दाबाला गॅस भरतात, साठा २५० बारला. देखभाल बहुतेक मशीन बनवणाऱ्यांच्याच करारात असते. मात्र पावसात कुंभार्ली घाट बंद पडला की त्यांचाही माणूस अडकतो. त्यांच्याकडे स्थानिक माणूस म्हणून नाव नोंदवा, प्रशिक्षण तेच देतील.

लोटेचा फिटर
बर्फवाले काका, वाचून जीव हळहळला. प्लेट एकदम जात नाही. सक्शन व्हॉल्व्हचं, म्हणजे वायू आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं झाकण एरवी गार असतं. व्हॉल्व्ह गळायला लागला की ते तापतं. रोज एकाच वेळी प्रत्येक झाकणाचं तापमान वहीत लिहायला सांगा, एक झाकण बाकीच्यांपेक्षा चढलं की लगेच कळवा. तुमच्या दोन्ही मशीनचे मॉडेल नंबर पाठवा. कपाटातली पहिली प्लेट तुमच्या मापाची घेतो.