हनीसकलच्या कळ्या फुगतात पण उमलत नाहीत, पानांवर पण चट्टे – काय असेल?

बागवेडी_कोथरूड
नमस्कार मंडळी, टेरेसच्या जाळीवर हनीसकल चढवलाय, पांढरी फुलं येऊन नंतर पिवळी पडतात तो (मधुमालती नाही, तिची गुलाबी-लाल होतात). पाऊस सुरू झाल्यापासून बऱ्याच कळ्या बुडाशी टम्म फुगतात, मिटलेल्याच राहतात आणि गळतात. काही पानांवर फिकट चट्टे आलेत, कडा खाली वळल्यात. नर्सरीवाले म्हणतात सरळ औषध मारा, पण वेलावर रोज शिंजीर पक्षी येतात हो, जीव धजत नाही.

पानोपानी
ताई, थांबा, आधी एक फुगलेली कळी नखाने उभी चिरून बघा. आत काळे दाणे म्हणजे विष्ठा असेल आणि अळीला डोकं, पाय नीट दिसत असतील तर ती पतंगाची. बिनपायाच्या, डोकं कुठे शेपूट कुठे तेच कळत नाही अशा बारीक पिवळट-केशरी अळ्या असतील आणि दाणे अजिबात नसतील तर मिजमाशी (डासासारखी बारीक माशी), कारण ती कुरतडत नाही, रस शोषते. चट्ट्याचं पान उजेडासमोर धरा, आत कोणी हलतंय का बघा.

सासवडकर
आमच्या मोगऱ्याला हेच होतं, कळी बुडाशी फुगते, जांभळट होते, गळते. ती कळीमाशी, मिजमाशीचीच एक जात, कॉन्टॅरिनिया मॅक्युलिपेनिस. अळ्या कळीतून खाली पडून मातीत कोष करतात म्हणून गळलेल्या कळ्या कुंडीत पडू देऊ नका, रोज वेचून पिशवीत गच्च बांधून टाका आणि वरची माती हलवत राहा. नुसतं फवारून आतल्या अळीला काही होत नाही.

बागवेडी_कोथरूड
चिरली! केशरी अळ्या निघाल्या, दाणे नाहीत, आणि एक तर चक्क वाकून टुणकन उडाली. पानात मात्र वेगळंच आहे, दोन पापुद्र्यांच्या मधे एक छोटी अळी आणि काळ्या दाण्यांचा ढीग.

पानोपानी
म्हणजे दोन वेगळे पाहुणे आहेत. उडी मारतात त्या बहुतेक कॉन्टॅरिनियाच्या कुळातल्या, पानातली नागअळी, इवल्याशा पतंगाची. युरोपात हनीसकलवर अशीच मंडळी असतात, तिथे कळ्या फुगवणारी कॉन्टॅरिनिया लोनिसेरियरम, आणि पानात राहणारी फायलोनॉरिक्टर ट्रायफॅसिएला, ती आतून रेशीम विणते, ते आकसलं की पान वळतं. कळ्या खाणारा एक पतंग तर फार सुंदर आहे, अल्युसिटा हेक्साडॅक्टिला, एकेका पंखाची सहा पिसं, चार पंखांची मिळून २४, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली नाव दिलेला. तुमच्याकडच्या जाती याच असतील असं नाही, प्रजातीपर्यंत जायचं तर प्रौढ कीटक हातात हवा.

औषध मात्र नकोच. अळ्या कळीच्या, पानाच्या आत सुरक्षित आणि मरतात त्या बाहेर फिरणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, ज्या याच अळ्यांमध्ये अंडी घालतात! चट्ट्यांची थोडी पानं असली तर वेलाला काही फरक पडत नाही, राहू द्या. फुगलेल्या कळ्या तेवढ्या तोडा, आणि त्यातल्या थोड्या बरणीत ओलसर मातीवर ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधा. लांब मिशांची, दोनच पंखांची डासासारखी माशी निघाली तर मिज, चार पंखांची चकचकीत निघाली तर गांधीलमाशी. तिला वेलावरच सोडा, आणि जे निघेल त्याचा फोटो इथे टाका.