स्वमग्न तरुणांना मशीन शॉपचं शिक्षण : पणत्या-पाकिटांच्या पुढे आपण कधी जाणार?

कोपरखैरण्याचा बाबा

दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने आहेत, ठाण्यात वागळे इस्टेट आहे, पलीकडे तळोजा आहे. ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’, ‘क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजे’ अशा पाट्या गेटवर लागलेल्या असतात. (सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापून आकार देणारं यंत्र.) याच पट्ट्यात अठरा पूर्ण झालेली स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं विशेष शाळेतून बाहेर पडून घरी बसली आहेत, नाहीतर कुठल्यातरी कार्यशाळेत पणत्या रंगवतायत, पाकिटं चिकटवतायत. मी अशाच एका मुलाचा बाप आहे. माझं म्हणणं एवढंच : ज्यांना जमेल त्यांना मशीन शॉपचं, म्हणजे यंत्रावर धातूचे सुटे भाग घडवायचं आणि मोजायचं, काम शिकवा, आणि ते प्रत्यक्ष कारखान्यात शिकवा.

मशीन शॉपच का? ऑफिसात नोकरी मिळते मुलाखतीवर. नजरेला नजर द्या, स्वतःबद्दल बोला, हसा. आमची मुलं तिथेच मागे पडतात. मशीन शॉपमध्ये ऑपरेटर घेताना काय करतात? ट्रायल घेतात. ड्रॉइंग हातात देतात, जॉब (घडवायचा तुकडा) यंत्रावर लावायला सांगतात, निघालेला तुकडा मायक्रोमीटरने मोजतात. माप आलं तर माणूस कामाचा. अपेक्षा काय आहे ते कागदावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेलं असतं. समोरच्याच्या मनातलं ओळखायची गरज इतकी कमी असलेली दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

हे कुणी केलंच नाही असंही नाही. कॅलिफोर्नियात ग्लेनडेल कम्युनिटी कॉलेजने २०१६ साली स्वमग्न प्रौढांसाठी सीएनसी ऑपरेटरचा खास अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात स्वमग्नता नावानिशी आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगता या सगळ्यांना मिळून आहे. त्या एका टक्क्याकडे डोळे लावून किती जणांचं आयुष्य उभं राहणार? खाजगी कारखान्यांचंच दार उघडायला हवं.

---

रबाळे प्रॉडक्शन

बाबा, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण तुम्ही शॉप बाहेरून बघताय. मी आतला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

ड्रॉइंगवर सगळं लिहिलेलं असतं हे खरं. पण ऑपरेटरचं काम ड्रॉइंगवर संपत नाही. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजला की आवाज बदलतो, फिनिश बदलतं, तेव्हा ऑफसेट द्यायचा, म्हणजे यंत्रातलं माप जरासं सरकवायचं. टूल मध्येच तुटतं. सकाळी एक जॉब लावलेला असतो आणि दुपारी ‘तो काढ, अर्जंट आलाय’ म्हणून दुसरा लावायला सांगतात. सेटर (मशीन लावून देणारा) एकच, मशिनं चार, तो येईपर्यंत ऑपरेटरने सांभाळून घ्यायचं असतं. पाळ्या बदलतात. ज्याला ठरलेला क्रम मोडला की त्रास होतो, त्याला आम्ही सगळ्यात जास्त क्रम मोडणाऱ्या जागी उभं करणार का?

आवाजाचं काय? प्रेस शॉप शेजारीच असेल तर कान बधिर होतात. मध्येच एअर गनचा फुसकारा, कूलंटचा वास, डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट. हेडफोन द्या म्हणाल, तर मशीनचा अलार्म कसा ऐकू येणार?

तिसरी गोष्ट लिहिताना बरं वाटत नाही. स्वमग्न व्यक्तींमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. फिरत्या चकसमोर (जॉब धरून फिरणाऱ्या भागासमोर) फिट आली तर? अपघात झाला की कारखाना निरीक्षक आम्हाला विचारणार, तुम्हाला नाही. लहान युनिटचा मालक हा धोका घेणार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

---

कोपरखैरण्याचा बाबा

दादा, तुमचे प्रश्न खरे आहेत, म्हणून एकेकाला उत्तर देतो.

फिट्स असतील तर फिरत्या यंत्रावर उभं करू नये, यात दुमत नाही. ते डॉक्टर तपासून लिहून देतील, आणि ते प्रत्येक उमेदवाराचं वेगळं असेल. पण ज्याला फिट्स नाहीत त्यालाही त्याच कारणाने का नाकारायचं? अलार्म कानांनीच कळायला हवा असंही नाही. मशीनवर लाल-पिवळा-हिरवा दिवा असतोच.

सुरक्षिततेचं मी उलटं म्हणेन. सीएनसीचं दार उघडं असताना स्पिंडल (फिरता दांडा) फिरू नये म्हणून इंटरलॉक, म्हणजे यंत्र आपोआप रोखणारी सोय, असतो. तो बायपास कोण करतं? घाईतला, ‘काही होत नाही’ म्हणणारा जुना ऑपरेटर. नियम म्हणजे नियम असं मानणारा मुलगा तो बायपास करणार नाही.

क्रम मोडण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यामुळे सुरुवात टर्निंग सेंटरवर (कापकामाच्या सीएनसी यंत्रावर) नको. गेज रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, करा. आलेला माल व्हर्नियरने, गो-नो गो गेजने (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या साधनाने) तपासणं, रिपोर्ट भरणं, गेजच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासण्याच्या) तारखा सांभाळणं. तिथे आवाज कमी, बहुतेक वेळा दिवसपाळी, आणि चुकलेला तुकडा नजरेतून न सोडणारा माणूसच लागतो.

---

रबाळे प्रॉडक्शन

आणि महिनाअखेरीला? डिस्पॅच थांबलंय, पाचशे तुकड्यांतले तीस मापाच्या जरासे बाहेर आहेत, मॅनेजर म्हणतो ‘चालवून घे’. तुमचा मुलगा सही करणार नाही. सगळ्यांसमोर ‘हे चूक आहे’ म्हणेल. त्याच्या बाजूने तेव्हा कोण उभं राहणार? चार दिवसांत ठेकेदार सांगेल, उद्यापासून येऊ नको.

---

कोपरखैरण्याचा बाबा

तीस तुकडे बाहेर असतील तर त्याने सही करूच नये. त्यासाठी डेव्हिएशन नोट असते : ग्राहकाला विचारायचं, लेखी मंजुरी घ्यायची, मग माल पाठवायचा. ही पद्धत तुमच्याच क्वालिटी मॅन्युअलमध्ये आहे. नेमलेलं काम नीट करणाऱ्याला त्यापायी काढणार असाल, तर ती उणीव कारखान्याची आहे, आणि ती माझ्या मुलाच्या खात्यावर मांडलेली मी मान्य करणार नाही.

---

घोडबंदरची आई

मी दोघांशीही सहमत नाही.

माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. बोलत नाही. तो पाकिटं चिकटवतो, पणत्या रंगवतो, आणि काम झालं की स्वतः मोजून रचून ठेवतो. धाग्याचं शीर्षक वाचून मला वाईट वाटलं. ‘पणत्यांच्या पुढे’ म्हणजे काय? ते काम कमी दर्जाचं? त्या कार्यशाळेमुळे त्याच्या दिवसाला आकार आहे आणि मला चार तास श्वास घ्यायला मिळतो. मायक्रोमीटर वाचू शकणाऱ्या मुलांसाठी सगळे धावतील, कारण त्यांचे फोटो चांगले येतात. ज्यांना चोवीस तास सोबत लागते त्यांच्यासाठी कोण धावणार? वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं आहे, पण माझ्यासारख्या घरांची संख्या बघता हे पुरेसं नाही. पैसा मर्यादित असेल तर आधी कुठे जावा, याचं उत्तर द्या.

आणि प्रवास? सकाळी ठाण्याला ९-१० नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बर लोकल पकडून रबाळ्याला उतरायचं, पुढे शेअर रिक्षात चौथा म्हणून बसायचं. नोकरी जमेलही, रस्ता जमायला हवा.

---

शिल्प निदेशक, आयटीआय

एक व्यवहाराची गोष्ट, लहान मुलांच्या पालकांसाठी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि प्रवेशाला गणित-विज्ञानासह दहावी लागते. बरेच पालक मुलांना एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) दहावीला बसवतात आणि सोपं पडावं म्हणून गणित, विज्ञान सोडून देतात. आमचं दार तिथेच बंद होतं. मुलाला आकड्यांची आवड असेल तर हे विषय सोडू नका, वेळ जास्त लागला तरी चालेल. हे आठवी-नववीतच ठरवावं लागतं.

---

मोजमाप

मी स्वमग्न आहे. एका कारखान्यात स्टँडर्ड रूममध्ये (अचूक मोजमापाच्या खोलीत) काम करतो. या धाग्यात आमच्याबद्दल बरंच बोलणं झालं आहे.

आम्हाला तेच-तेच काम आवडतं हे सगळ्यांना लागू नाही. मला पंधराशे सारखे बुश (नळीसारखे सुटे भाग) मोजण्याचा कंटाळा येतो. मला आवडतं ते माप का चुकलं हे शोधायला. उन्हाळ्यात एसी बंद असताना मोजलेला जॉब आणि वीस अंशाला मोजलेला जॉब यांत फरक पडतो, तो शोधायला मला आवडतं.

मला जे लागतं ते साधं आहे. सूचना तोंडी नको, लिहून द्या. पाळी बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. जेवणाच्या सुट्टीत मी एकटा बसलो तर मला ओढून नेऊ नका. साहेब एकच असावा, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या तर मी थांबतो. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

आणि बाबा, तुमच्या मुलाला काय करायचं आहे हे धाग्यात कुठेच आलेलं नाही.

---

कोपरखैरण्याचा बाबा

त्याला यंत्रं आवडतात. मिक्सर उघडतो, परत जोडतो, उरलेला स्क्रू कुठला ते सांगतो. पण दिवसभर तेच करायचं आहे का, हे त्याने ट्रायलच्या आठवड्यानंतर स्वतः ठरवावं. नको म्हणाला तर नको. म्हणून तर आधी वर्षभराचा कोर्स आणि मग नोकरी, हा क्रम मला मान्य नाही. आधी शॉप बघू दे.

ताई, पणत्यांचं काम कमी आहे असं मी म्हणत नाही. ज्याला दुसरं जमू शकतं त्यालाही तेवढंच दिलं जातं, हे मला खुपतं. तुमच्या मुलाच्या केंद्राचा पैसा इकडे वळू नये, हे मी तुमच्या बरोबरीने मागेन. कारखान्यांकडे वेगळा मार्ग आहे. अॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांतली एक जागा द्या.

---

रबाळे प्रॉडक्शन

जागा देता येईल. गेज रूम, दिवसपाळी, लेखी सूचना, इथपर्यंत मी मालकाशी बोलू शकतो. पण सुरुवातीचे काही महिने त्याच्या शेजारी उभं राहून काम समजावणारा माणूस लागेल. विशेष शिक्षकांना मशीन कळत नाही, माझ्या सेटरला मुलगा कळत नाही. दोन्ही कळणारा माणूस कुठून आणायचा आणि त्याचा पगार कोण देणार, हे सांगा. तोपर्यंत माझं उत्तर ‘नाही’च आहे.

---

घोडबंदरची आई

तो माणूस तयार करण्याचं काम आमच्यासारख्या आयांना द्या. वीस-वीस वर्षं आम्ही तेच करतोय. मशीन आम्हाला शिकवा. आणि पगार द्या, सेवा म्हणून नको.

---

शिल्प निदेशक, आयटीआय

ताई, मोजमापाची उपकरणं शिकवायला मी तयार आहे. शनिवारी दुपारी वर्कशॉप रिकामं असतं. प्राचार्यांची परवानगी काढतो. पगाराचं मात्र कारखान्यांनीच बघायला हवं, ते माझ्या हातात नाही.