नौदलाच्या तेजसवरचा खर्च पाण्यात गेला का?

पुणेरीपंखा: एप्रिल २०२५मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-एमचा, म्हणजे राफेलच्या नौदलवाल्या लढाऊ विमानांचा, करार झाला, साधारण ६३ हजार कोटींचा. मग नौदलासाठी बनवलेल्या तेजसचं काय झालं? २०१२ला पहिलं उड्डाण, २०२०ला विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरलं, टाळ्या झाल्या, आणि ताफ्यात एकही नाही! मला तर वाटतं नौदलाला देशी माल नकोच होता. जाणकारांनी सांगा.

दाबोळी_रिटायर्ड: नकोच होता असं नाही हो. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल लांबा यांनी २०१६च्या डिसेंबरातच उघड सांगितलं होतं, की हे विमान जहाजावरून उडायला जड पडतं.

आता जड का? धावपट्टीवर पायलट शेवटी नाक उचलून विमान अलगद टेकवतो. जहाजाच्या डेकवर असले लाड नाहीत, तिथे आदळायचंच. त्यामुळे चाकांचे पाय दणकट हवेत, डेकवर आडवी ताणलेली तार पकडायला शेपटाखाली हूक हवा, आणि त्या तारेचा हिसका सोसेल असा सांगाडा हवा. एवढं वजन चढलं आणि ओढायला एकच अमेरिकी एफ-४०४ इंजिन. आपल्या जहाजांवर विमान पुढे फेकणारा कॅटापल्टही नाही, पुढे फक्त स्की-जंपची चढण. मग इंधन कमी करा नाहीतर क्षेपणास्त्रं उतरवा.

पण ताफ्यात नाही म्हणून वाया, हा हिशेब मला पटत नाही. मी नौदलाच्या सी हॅरियर विमानांवर मेकॅनिक होतो. त्याआधी जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर सीहॉक आणि अलिझे विमानं तारेवर उतरायची. हॅरियर आलं ते सरळ खाली उतरणारं, त्यामुळे आमच्या पिढीने हूक-तार फक्त म्हाताऱ्या चीफ लोकांच्या गप्पांत ऐकली. पुढे मिग-२९के आलं ते रशियाकडून तयार. तेजसच्या वेळी हे सगळं आपल्या लोकांनी स्वतः आखलं. हंसा तळावर, म्हणजे गोव्यात आमच्या दाबोळीलाच, २०१४ला स्की-जंपवरून उड्डाण झालं, सप्टेंबर २०१९ला तारेवर उतरवलं, आणि ११ जानेवारी २०२०ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी विक्रमादित्यवर. चाकं टेकली की पायलट ब्रेक लावत नाही, इंजिनाचा जोर वाढवतो. कारण हूक चुकला तर पुन्हा उडायला हवं! हे सांगितलं की पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

राग काढायचाच तर इंजिनावर काढा. कावेरी हे देशी इंजिन १९८९ला मंजूर झालं, आजही एका लढाऊ विमानात बसलेलं नाही.

मालवणी_तारू: विमानातलं मला कळत नाही, पण नाव चालवावं ते नौदलानेच. जुन्या विक्रांतचा नंबर आर-११, २०२२च्या नव्या विक्रांतचाही तोच. ३०० नंबरच्या व्हाइट टायगर्स स्क्वाड्रनकडे आधी सीहॉक, मग हॅरियर, आता मिग. जुनं जहाज मात्र मुंबईत दारूखान्याच्या जहाजतोडणीत नेऊन तोडलं, ते काही मला अजून पचलेलं नाही. त्याचं थोडं लोखंड बजाजच्या मोटारसायकलीत गेलं. आमच्या चुलतभावाने ती घेतली आणि गावभर सांगतो, 'मी विक्रांत चालवतंय.'

पुणेरीपंखा: 😂 काका, इंजिनाचं पटलं. पण मग ते दोन इंजिनांचं नवीन देशी विमान? तेही असंच प्रयोगशाळेत राहणार?

दाबोळी_रिटायर्ड: त्यात एफ-४१४ची जोडी आहे, म्हणजे वजनाचं रडगाणं बरंच कमी. आणि पंख दुमडणारे आहेत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राफेलचे दुमडत नाहीत आणि विक्रांतच्या हँगरमधून डेकवर विमान नेणाऱ्या लिफ्ट लहान. हँगरमध्ये विमान हलवणाऱ्या पोरांना विचारा, पंखाच्या टोकाजवळची वीतभर जागा म्हणजे काय ते. फक्त कधी येणार ते विचारू नका. कागदावरच्या तारखांवर मी नोकरीत असतानाच विश्वास ठेवणं सोडलं.

मालवणी_तारू: इंजिन पुन्हा अमेरिकेचंच ना पण?

दाबोळी_रिटायर्ड: हो.