मोठी माणसं लावणीला, चुलीशी तुम्ही: काय रांधलंत?

पाणंदीवरची
काल देवगडहून भावाचा फोन. लावणी चालू आहे, सगळे शेतात, आणि त्याच्या अकरा वर्षांच्या लेकीने कुणाला न विचारता कुळथाची पिठी करून ठेवली. "गुठळ्या होत्या गो, पण संपली," म्हणाला. मी इकडे डोंबिवलीत पोळ्या लाटत होते. एक पोळी करपली.

मी पाचवीत होते तेव्हा. आई निघताना एवढंच म्हणाली, पाणी उकळलं की पीठ लाव. 'लाव' म्हणजे आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग ढवळत ढवळत बारीक धारेने सोडायचं, हे तिने सांगितलं नाही. तिला ती सांगायची गोष्टच वाटली नसणार. मी कोरडं पीठ मुठीने उकळत्या पाण्यात घातलं. लिंबाएवढे गोळे झाले, फोडले तर आत कोरडं पीठ. रडायला वेळ नव्हता, तेरा माणसं शेतात उपाशी. चुंबळ ठेवली, टोप डोक्यावर घेतला आणि मेरेवरून निघाले. वर झाकलेलं केळीचं पान वाऱ्याने कधी उडालं कळलंच नाही. सगळा पाऊस टोपात. काका टोपात डोकावून म्हणाले, "बरा झाला, पिठी वाढली." माझं लग्न होईपर्यंत मला घरात 'कुळथाचे लाडू' म्हणत होते.

आता करते ती अशी. तेलात ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की चार वाट्या पाणी, मीठ, तीनचार सोलं, म्हणजे आमसुलं. उकळी आली की भाजलेल्या कुळथाचं चार मोठे चमचे पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवून धार धरायची, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. दोन उकळ्या, वर ओलं खोबरं. थंड झाली की घट्ट होते, म्हणून उतरवताना पातळच ठेवा.

तुमचं काय? लहानपणी शेताच्या दिवसांत एकट्याने केलेलं पहिलं काहीही. बिघडलेलं आधी सांगा.

बिडाचा तवा
आमच्याकडे आवस-बापूस शेतात गेले काय रांधूचा काम माजाच. मी चौथीत होतंय. पयलो घावणो तव्याक चिकाटलो, दुसरो फाटलो, तिसरो बरो जालो तो आजयेन खाल्ल्यान. भावाक कायच नाय. तो अजून काढता ती गजाल.

शहरातल्यांसाठी: तांदूळ धुवून सावलीत वाळवून दळलेलं पीठ, मीठ, पाणी. ताकासारखं पातळ. तवा सणसणीत तापला पाहिजे. नारळाच्या शेंडीने तेल लावायचं आणि पीठ कडेकडून आत ओतत यायचं, पळीने पसरायचं नाही. जाळी पडली की झाकण. उलटायचा नाही.

खाडीपलीकडे
उलटायचा नाही??? आमची आई उलटते.

बिडाचा तवा
मग ती आंबोळी असात

खाडीपलीकडे
आंबोळीत उडीद असतो हो. जाऊ दे, आईला विचारून सांगतो.

सुका बांगडा
मुलगे पण रांधायचे, सांगून ठेवतो. मी सहावीत. पेज आजी सकाळीच करून गेली होती, उकड्या तांदळाची, मला फक्त तोंडी लावायला काहीतरी करायचं होतं. माळ्यावरच्या डब्यातला खारा बांगडा काढला, धुतला, निखाऱ्यावर ठेवला. कडा करपायला लागल्या की उलटा. मग काटे काढून कुस्करला, कच्चा कांदा, खोबरेल तेलाचे चार थेंब, सोलाचं आगळ, म्हणजे खारवलेला कोकमाचा रस, चमचाभर. याहून सोपं काही नाही आणि याहून चांगलंही काही नाही.

वास पाणंदीपर्यंत गेला. आजी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मुडी डोक्यावर घेऊन येत होती, तिथूनच ओरडली. संकष्टी होती. घरात तिघांचा उपास.

पोफळी
😂😂 पुढे?

सुका बांगडा
पुढे काय, बांगडा मीच खाल्ला सगळा. टाकून कसा देणार. संध्याकाळी घर शेणाने सारवायला लावलं.

नवीन सून
वाचून भूक लागली, मी बसमध्ये आहे. आमचं माहेर घाटावरचं. सासरी पहिल्या पावसाळ्यात मला पेज म्हणजे आजारी माणसाचं जेवण वाटलं होतं, म्हणून सासूबाईंना विचारलं, कुणाला बरं नाही का. त्या अजून हसतात. प्रश्न: पुण्यात उकडे तांदूळ चांगले कुठे मिळतात? मागच्या वेळी आणले ते तासभर शिजवले तरी टचटचीत.

बिडाचा तवा
रात्री भिजत घाल. आणि कुकर नको, टोपात भरपूर पाण्यात. दाणा फुटला पाहिजे. घाई करशील तर पेज नाय, पाण्यातला भात होईल.

पोफळी
आम्ही श्रीवर्धनकडचे. माझी आठवण लावणीची नाही, जून 2020 ची. 3 तारखेला निसर्ग वादळ झालं तेव्हा मी नववीत जाणार होते. वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एकावर एक आडव्या, घरावरचे पत्रे शेजारच्या विहिरीजवळ. वीज कितीतरी दिवस नव्हती, मोबाइलला रेंज नाही, त्यात लॉकडाउन. आईबाबा दिवसभर झाडं तोडून वाट मोकळी करत होते. मिक्सर बंद, म्हणून पाटा कोठीतून बाहेर आला. मला वाटायला येत नव्हतं. वरवंटा ढकलायचा नसतो, मनगटाने फिरवत ओढायचा असतो, हे तेव्हा कळलं.

पडलेले नारळ एवढे की खाऊन संपेनात. मी कण्यांची खीर केली. कण्या म्हणजे भरडताना तुटलेले तांदूळ. वाटीभर कण्या धुवून तुपावर जराशा परतल्या, चार वाट्या पाण्यात मऊ शिजवल्या, मग वाटीभर गूळ. खोबरं पाट्यावर वाटून कोमट पाणी घालून फडक्यातून रस पिळला. तो रस शेवटी घातला आणि उकळी येऊ दिली नाही, नाहीतर फुटतो. मीठ चिमूटभर. वेलची नव्हती, दुकान बंद. बाबा हात न धुताच बसले, हाताला करवतीचा भुसा. दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाले, झाडं मोजली, एकशे बारा गेली. तोपर्यंत कुणी आकडा बोललं नव्हतं.

सुका बांगडा
बाप रे. पोफळ लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहासात वर्षं तरी.

पोफळी
हो. पुन्हा लावल्या आहेत. यंदा काहींना पहिलं फूल दिसलंय.

पाणंदीवरची
🙏 तुझ्या खिरीत मी थोडं जायफळ घालीन.

शेकोटीवाला
मी अलिबागचा. आमच्याकडे मुलांचं रांधणं म्हणजे पोपटी, पण ती थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की. धागा लावणीचा आहे तरी सांगतोच. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा, पाला, वर शेंगा, बटाटे, कांदे, जाडं मीठ, ओवा. मोठे असले तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाणी थेंबभर नाही. मडकं शेतात पालथं ठेवायचं आणि भोवती गवत, काट्याकुट्या पेटवायच्या. साधारण अर्धा तास. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की तयार.

आमच्या पहिल्या पोपटीत पाला कमी घातला. वरच्या शेंगा कच्च्या, खालच्या कोळसा. मडकं भाताच्या उडव्याजवळ ठेवलं म्हणून चुलत्याने कानाखाली दिली ती वेगळी.

नवीन सून
भांबुर्ड्याच्या ऐवजी दुसरं काही चालेल का? गच्चीत करता येईल?

शेकोटीवाला
केळीचं पान लोक घालतात. त्याला मी पोपटी म्हणणार नाही. गच्चीत करू नका, सोसायटी नोटीस देईल.

दडपणारी
माझं सगळ्यात सोपं कारण मला चूल पेटवायची परवानगीच नव्हती, सात वर्षांची होते. गुहागर. दडपे पोहे. पातळ पोहे, ओलं खोबरं भरपूर, बारीक कांदा, मिरची-मीठ-साखर हाताने चुरडून, लिंबू, नारळाचं पाणी शिंपडून. ताटलीने झाकून वर वरवंटा ठेवायचा, दडपून. लावणीची माणसं परत येईपर्यंत मऊ. फोडणी आई आल्यावर वरून देई, पोह्याचे पापड चुरून.

टोमॅटो घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

खाडीपलीकडे
मी टोमॅटो घालतो. आणि आईला विचारलं, घावणे ती दोन्ही बाजूंनी भाजते आणि म्हणाली त्या बाईंना आपल्याकडे पाठव.

तवसं
तवसाचं धोंडस, म्हणजे मोठ्या काकडीचा गोड केक, कुणी आणलंच नाही? मी आठवीत, गणपतीच्या आधी केलं. तांदळाचा रवा तुपावर भाजला, तवसं किसून पाण्यासकट घातलं, गूळ, खोबरं, हळदीचं पान, टोपात थापून वर झाकणावर निखारे. रंग सुरेख आला. मामा पहिला घास घेऊन गप्प. तवसं कडू होतं!! कापताना टोकाचा तुकडा चाखायचा असतो, मी चाखला नव्हता. किलोभर गूळ वाया. म्हैससुद्धा हुंगून बाजूला झाली.

म्हणून पहिला नियम: तवसं आधी चाखा. अर्धा किलो तवसाला दोन वाट्या रवा, गूळ दीड वाटी पुरे.

बिडाचा तवा
म्हैस 😂 आता ह्या आठवान रात्री झोप येवची नाय

पाणंदीवरची
भाचीला सगळं वाचून दाखवलं फोनवर. तिला म्हशीचं आवडलं. विचारतेय, सोलं आधी घालायची की पीठ लावल्यावर?

दडपणारी
नंतर. आधी घातली तर जास्त आंबट होतं.

सुका बांगडा
आधी. आमच्याकडे आधीच.

पाणंदीवरची
ती म्हणते उद्या दोन टोपात करून बघते. मी सांगितलं, पीठ अर्धा किलोच उरलंय, जपून.